सुपावरचं पाणी

भाटकाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, घरच्या बायनं तांब्या उचलला आणि वरून पाणी सोडलं. आईनं अंगणात मांडलेल्या नव्या सुपांवर आणि पाटल्यांवर, म्हणजे आमच्या बांबूच्या टोपल्यांवर. मी त्यांच्या शेजारीच उकिडवा बसलो होतो. पाणी माझ्या डोक्यावर आलं, मानेवरून पाठीत उतरलं. बायनं ते पाहिलं. हात काही आवरला नाही.

"पोराक कडेक कर," ती आईला म्हणाली. "सोप्याक लागतलो."

सोप्यापासून मी चांगला लांब होतो. तरी आईनं मला दंडाला धरून मागं ओढलं. मग आतून मोलकरीण आली आणि ओली सुपं, ओल्या पाटल्या उचलून घेऊन गेली. आई हात जोडून उभी. माझी मोठी बहीण, अक्का, चुंबळ हातात धरून उभी. मी भिजलेला.

गणपतीची चवथ तोंडावर आली होती. त्या घरची लेक नुकतीच लग्न होऊन गेलेली. तिच्या सासरी फळं, नेवऱ्या, लाडू घालून वजं पाठवायचं होतं, आणि वजं नव्या पाटल्यांतूनच जातं. पाटल्या आमच्या वाड्यावरून जातात. पेडण्यातल्या आमच्या गावात म्हारवाडा म्हणजे बांबूचं काम. सूप आमचं, रोवळी आमची, लग्नाच्या घरातली प्रत्येक टोपली आमची. आमच्याशिवाय त्यांचं शुभकार्य अडतं, आणि आम्ही हात लावला की तेच शुभकार्य बाटतं. हे गणित मला आजवर कुणी नीट सोडवून दाखवलेलं नाही.

वाटेत मी आईला विचारलं, बायनं पाणी का मारलं?

आईनं पदरानं माझं डोकं पुसलं. मग म्हणाली, "उन्हान बांबू तडकता रे. म्हणान बाय उदक मारता."

मला पटलं. सूप विणायच्या आधी आई बांबूच्या कांबी पाण्यात भिजत घालायची, ते मी रोज बघत होतो. बांबूला पाणी लागतं. बाय एवढ्या मोठ्या घरची, पण आमच्या सुपांची काळजी घेते. मला ती बरी वाटली. लिहायला लाज वाटते, पण वाटली.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. पुढं मी जे केलं ते आईच्या ह्या एका वाक्यावर विसंबून केलं.

त्याच वर्षी आईनं मला डिचोलीला मावशीकडे शिकायला ठेवलं. मावशीचा नवरा शिरगावच्या बाजूला खाणीवर होता, खनिजाच्या ट्रकांवर. त्यांच्या घरात कपडे, भांडी, अंथरूण, सगळं त्या धुळीनं तांबडं. शाळेत मी पुस्तकांबरोबर बाकीचंही शिकलो. पाण्याच्या मडक्यापासून लांब राहायचं. देवळाच्या पायरीशी थांबायचं. कुणी आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायचं. बाट म्हणजे काय ते मला डिचोलीत नीट कळलं. पण सुपावरचं पाणी मी त्यात कधी धरलंच नाही. ते बांबूचं होतं. आईनं सांगितलेलं होतं. काही गोष्टी इतक्या लहानपणी कानावर पडतात की त्या तपासून बघायच्या राहून जातात.

अक्का गावातच राहिली. एकाला शाळेत घालायचं तर दुसऱ्यानं घरी बसायचं, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. दर वर्षी चवथीच्या आधी आईबरोबर डोक्यावर सुपांचा भारा घेऊन घरोघर ती जायची. मी सुट्टीत यायचो तेव्हा तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. मी त्या बघायचो आणि पुस्तक उघडून बसायचो.

शाळा झाली आणि मी म्हापशाला फ्रेमच्या दुकानात लागलो. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो. देव, नवरा-नवरी आणि मेलेला माणूस, तिघांना काच तीच. तिथून पणजीच्या एका गॅलरीत गेलो. गोवा राज्य झालं त्या सुमाराचे ते दिवस. किनाऱ्यावर हॉटेलं उठत होती आणि प्रत्येक हॉटेलवाल्याला भिंतीवर गोवा टांगून हवा होता. बाहेर कोकणी की मराठी ह्यावर भांडणं पेटलेली. आमच्या घरात कोकणी, माझ्या दप्तरात मराठी. दोन्हीकडचे पुढारी सभेत आम्हाला आपली माणसं म्हणायचे. सभा संपली की आपल्या माणसांना चहा वेगळ्या कपातून यायचा.

गॅलरीचा मालक बड्या घरातला. परदेशात राहून आलेला. मी जातपात मानत नाही, हे तो दर पार्टीत एकदा तरी सांगायचा. माझं काम चित्रं टांगायचं. एकदा प्रदर्शनाच्या संध्याकाळी एका बाईनं मला एका निळ्या चित्राबद्दल विचारलं. त्याची फ्रेम करताना चित्रकार माझ्याशी तासभर बोलला होता, म्हणून मी तिला सांगू लागलो. मालक मागून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "हा आमचा खिळेवाला. याला भिंत कळते, चित्र नाही."

सगळे हसले. मीही हसलो. अपमान झाल्यावर आधी आपणच हसून घ्यायचं, ही विद्या मला कुणी शिकवावी लागली नाही.

मालकानं धंदा मात्र शिकवला. धंद्याचं मुख्य कलम त्यानं मला एका वाक्यात सांगितलं होतं. "करणारा आणि घेणारा समोरासमोर येता कामा नयेत. आले की मधला संपला." चित्रकार गरीब असेल तर त्याला तऱ्हेवाईक म्हणायचं. अडाणी असेल तर गूढ म्हणायचं. त्याचं घर कुठं, तो राहतो कसा, हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. माझ्या मनाला तेव्हा शिवलंसुद्धा नाही की हे कलम मी अंगणात बसून लहानपणीच बघितलंय. वस्तू आत घ्या, माणूस बाहेर ठेवा.

पुढं मी मांद्र्याला स्वतःचं दुकान काढलं. एका किरिस्तावाच्या जुन्या घराची पुढची खोली आणि बल्कांव, म्हणजे दारापुढचा पायऱ्यांचा ओटा, भाड्यानं घेतला. दुकान मी म्हणतो, पाटीवर गॅलरी होतं. आधी नवी चित्रं ठेवली. मग आमच्या वाड्यावरच्या पाटल्या आणून चौथऱ्यावर मांडल्या, वरून दिवा सोडला. गावात जिच्याखाली कोंबडी झाकतात ती टोपली माझ्याकडे आली की कलाकृती व्हायची. गोरी माणसं तिच्याभोवती हळूहळू फिरायची आणि मी हाताची घडी घालून गंभीर उभा राहायचो.

आणि दर वेळी वाड्यावरून माल आला की मी तांब्या घ्यायचो आणि वरून पाणी शिंपडायचो.

बांबू तडकू नये म्हणून. आईची आठवण म्हणून.

वाड्यावरची माणसं बल्कांवाच्या पायऱ्यांखाली थांबायची. मी खाली उतरून वस्तू घ्यायचो, पायरीवर मांडायचो, पाणी शिंपडायचो, मग आत न्यायचो. आमचा भिकूमामा, आईचा चुलत भाऊ, त्यानं एकदा ते बघून मान खाली घातली. मला वाटलं, म्हातारा उन्हानं दमला. हळूहळू एकेक जण यायचा बंद झाला. भिकूमामाही बंद झाला. मी मित्रांत बसून म्हणायचो, आपल्या लोकांना धंदा कळत नाही, पुढं न्यायला गेलं तरी येत नाहीत. हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलंय, त्याचा हिशेब लागत नाही.

आई गेली. त्यानंतर अक्कानं घरोघर सुपं द्यायचं सोडलं. लोकांकडे प्लास्टिक आलं होतं म्हणून कुणाचं अडलंही नाही. काही महिन्यांनी मी गावी गेलो तर पडवीत मोठाले गोळे. बांबूच्याच कांबीचे, उंचीला माणसाच्या कमरेएवढे, वीण इतकी घट्ट की आत बोट जाणार नाही. पाटलीसारख्या बुडापासून सुरू झालेले, पण वर तोंडच नाही. चारी बाजूंनी बंद.

"हे काय गो?" मी विचारलं.

"पाटल्यो."

"तोंड खंय?"

"जल्मभर लोकांचां भरलां," ती म्हणाली. "ह्येच्यात कोणी कायच भरूचां नाय."

मी त्या गोळ्यांभोवती फिरून बघू लागलो. भाऊ म्हणून नव्हे. माझ्यातला दुकानदार जागा झाला होता. इतकी वर्षं मी जी चित्रं विकत होतो त्यांतल्या एकालाही हे साधलं नव्हतं.

मी डिचोलीच्या एका खाणवाल्यांच्या सुनेला फोटो दाखवले. मावशीचा नवरा ज्यांच्या खाणीवर राबला तेच हे लोक. त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि दारातून आत शिरल्याशिरल्या दिसेल असं काहीतरी मोठं, नवीन त्यांना हवं होतं. सून मुंबईला शिकलेली, नजर होती तिला. तिनं विचारलं, कलाकार कोण? मी म्हटलं, उत्तरेकडच्या एक आहेत, कुणाला फारशा भेटत नाहीत. माझी सख्खी बहीण आहे, असं माझ्या तोंडून आलं नाही. धंद्याचं कलम पाळत होतो. ह्या घरानं घेतलं की बाकीची मोठी घरं मागोमाग येणार, हे मला दिसत होतं.

माल बंगल्यावर पोचवायच्या ठरल्या दिवसाच्या आधी अक्का टेम्पोतून सगळ्या पाटल्या घेऊन मांद्र्याला आली. माझं दुकान तिनं तोवर पाहिलं नव्हतं. तिनं आणि टेम्पोवाल्यानं एकेक पाटली उतरवून पायरीवर ठेवली. मी नेहमीसारखा आत गेलो, तांब्या भरून आणला आणि पहिल्या पाटलीवर पाणी शिंपडलं. मग दुसरीवर.

तिसरीपाशी माझा हात थांबला, कारण अक्का माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी अंगणात चुंबळ धरून उभी असताना तिचा चेहरा होता तोच.

"ह्यां खंय शिकलंस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "उन्हान बांबू तडकता गो. म्हणान…"

आईचं वाक्य माझ्या मोठ्या माणसाच्या आवाजात मला ऐकू आलं आणि अर्ध्यावरच त्याचा अर्थ लागला. विणायच्या आधी कांबी भिजवतात. विणून झालेली सुपं आई चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवायची. तयार सुपावर पाण्याचा थेंब पडू द्यायची नाही. हे मला ठाऊक होतं. कायम ठाऊक होतं. बायच्या तांब्याची आणि त्या माळ्याची गाठ मी कधी घातली नव्हती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आयेन तुका तसां सांगितल्यान," अक्का म्हणाली. "माका खरां सांगितल्यान. त्याच दिसा, राती न्हिदताना."

"मला का नाही?"

"तुका भायर धाडूचो होतो. माका दर वर्सा थंयच जावचां होतां."

तांब्या माझ्या हातात तसाच होता. आईनं मला खोटं दिलं म्हणून मी मान वर करून शाळेत गेलो. अक्काला खरं दिलं आणि ती ते डोक्यावरच्या भाऱ्याबरोबर आयुष्यभर वाहत राहिली. आणि मी त्या खोट्याचं काय केलं? माझ्याच माणसांना माझ्याच पायरीखाली उभं केलं आणि त्यांच्या हातचं धुऊन घेतलं. भिकूमामाची खाली गेलेली मान मला दिसली. त्याच्यामागं बाकीचे सगळे दिसले. एकही जण बोलला नव्हता. बोलून काय होतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

मी माफी मागायला लागलो. अक्कानं हातानंच थांबवलं.

"ह्यो डिचोलीक मी दितंय," ती म्हणाली. "माज्या हातान."

मला भीती वाटली. हेही लिहितो. एवढं सगळं कळल्यावरही माझ्या मनात पहिला विचार आला तो खाणवाल्यांच्या सुनेला आता काय सांगायचं, हा. पण नाही म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.

डिचोलीच्या त्या रस्त्यावर ट्रकांमागं तांबडी धूळ. पाटल्यांवर आम्ही चादरी घातल्या होत्या. बंगल्याच्या दारात सून सामोरी आली. मी सांगितलं, "ही माझी अक्का. पाटल्या हिनं विणल्यात." सून क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं अक्काला हात जोडले. चांगली होती बिचारी. अक्कानं पहिली पाटली दोन्ही हातांत धरली आणि ती उंबऱ्याकडे निघाली.

"मात्शें रावात," आतून आवाज आला.

सासू. पांढरं पातळ, हळू चाल. तिच्यामागं मोलकरीण, मोलकरणीच्या हातात तांब्याचा गडवा. आम्ही गाडीतून उतरताना कुणीतरी आमचं नाव, गाव, वाडा विचारून घेतलं होतं, ते आत पोचलं होतं.

"वायट मानून घेवं नाकात," सासू अगदी गोड म्हणाली. "नवी वस्त घरांत येता. उदक मारून घेवया. पद्दत आसा."

सून ओशाळली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "त्यांचं वय झालंय. दोन थेंबांचा तर प्रश्न आहे. तुम्ही समजूतदार आहात."

होतोच. सगळा जन्म समजूतदार होतो. त्याच्यावरच तर धंदा उभा केला होता. खिळेवाला म्हटल्यावर हसलो होतो. मला एवढंच करायचं होतं, की बाजूला सरायचं आणि छताकडे बघायचं. अक्का पाटली धरून उभी होती. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती, ते मला जास्त लागलं.

मी मध्ये गेलो. खिशातलं फडकं काढलं आणि सासूपुढं धरलं.

"धूळ असेल तर ह्यानं पुसतो," मी म्हटलं. "दुसरं काय धुवायचं असेल तर ते तोंडानं सांगा. काय धुताय?"

मोलकरीण गडव्यात बघत होती. तिच्याही हातांना चिरा होत्या.

"सांगा ना," मी म्हटलं. "माझी बहीण उभी आहे. तिला ऐकू दे."

सासूचा गोडवा गेला. "तुमकां इतलो मान दिवन आपयले," ती म्हणाली, "आनी तुमी दारांत उबे रावन अशे उलयतात?"

"दारातच उभं केलंत म्हणून दारात बोलतो," मी म्हटलं. "पाणी पडणार असेल तर पाटली आत येणार नाही."

"तर व्हरात," सासू म्हणाली आणि आत गेली.

आम्ही पाटल्या परत टेम्पोत चढवल्या. सून जिन्यापाशी उभी होती. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. वाईट वाटून तिनं काहीच केलं नाही.

येताना अक्का पाटल्यांवरच्या चादरींची टोकं खोचत बसली. मी वाट बघत होतो. दोन शब्द, एखादी नजर, काहीतरी. अस्नोड्याच्या आसपास ती म्हणाली, "उशिरा शिकलंस." मग चादर डोक्यावर ओढून डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिनं मला एकही पाटली दिलेली नाही. विणते. पडवीत ठेवते. मी जातो तेव्हा जेवायला वाढते. पाटल्यांचा विषय काढला की उठून जाते. मी तिला दोष देत नाही.

मी वाड्यावर भिकूमामाकडेही गेलो. खाली जमिनीवर बसलो आणि पाण्याची सगळी गोष्ट सांगितली, आईच्या वाक्यासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. कोयती बाजूला ठेवून म्हणाला, "आमका दिसलां, तू भाटकार जालंस."

"मामा, मला माहीत नव्हतं."

"बायेकय म्हायत नसतलां," तो म्हणाला. "तिच्या आयेन तिका पद्दत म्हणान सांगल्यान आसतलां."

माहीत नव्हतं, हे मी स्वतःला सांगून बघितलं. रात्र जाते, सकाळी भिकूमामा तिथंच असतो, मान खाली घातलेला.

खाणवाल्यांच्या ओळखीची घरं तुटली. पणजीचा जुना मालक एका समारंभात भेटला, म्हणाला, तू भावनेत वाहून गेलास. मी म्हटलं, नाही, मी कलम बदललं. तो हसला. ह्या खेपेला मी हसलो नाही.

बदललेलं कलम असं आहे. माझ्या दुकानात वस्तू येते ती करणाऱ्याच्या हातातून, करणाऱ्याबरोबर, पायऱ्या चढून. करणारा कदेलीवर, खुर्चीत, बसतो. घेणाऱ्याला वस्तू मी देत नाही, तो देतो, हाताला हात लागतो. ज्यांना हात चालत नाही त्यांना वस्तू मिळत नाही. मधला संपतो म्हणतात. संपू दे.

तो तांब्या मी फेकला नाही. आत येताना पहिल्यांदा दिसेल अशा चौथऱ्यावर ठेवलाय, जिथं पूर्वी पाटली असायची. वर दिवा तोच. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो. आधी मी ह्या तांब्यानं काय केलं ते सांगतो, वाड्यावरच्या माणसांची नावं घेऊन. मग तुमच्या घरात हा तांब्या कुठं ठेवलाय ते विचारतो. पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात. त्यांना मी आता पायऱ्यांपर्यंत पोचवायला जात नाही.